तीन आवाजांचं यंत्र

आमच्या घरातल्या एका कपाटात पावसाळाभर दिवा जळत असे. साधा पिवळा बल्ब, खालच्या कोपऱ्यात टांगलेला, वायर दाराच्या फटीतून बाहेर काढलेली. समुद्र घराला इतका लागून की चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, भिंतीवरच्या सांत आंतोनीच्या तसबिरीलाही कडेने बुरशी. कोरडी, उबदार हवा फक्त त्या एका कपाटात. वरच्या फळीवर पप्पांचं व्हायोलिन, आणि खालच्या फळीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. दार उघडलं की व्हायोलिनच्या राळेचा वास यायचा, तापलेल्या लाकडाचा यायचा, आणि त्यात आणखी एक वास मिसळलेला असायचा. तो गावात दुसरीकडे कुठेच नव्हता. जहाजातून आलेल्या प्लास्टिकचा वास.

पुण्याची नोकरी आता मी घरूनच करते. पप्पांजवळ राहायला आले त्याला बरेच महिने झाले. गेल्या उन्हाळ्यात ते कपाट रंगवायला म्हणून रिकामं केलं आणि चादरीची गाठ सोडली. वास अजून होता. थोडा विटलेला, पण तोच.

आजच्या मुलांना कॉम्प्युटर म्हटल्यावर जे दिसतं, तसं ते नव्हतं. सगळं यंत्र कीबोर्डच्याच आत. पडदा म्हणजे घरातला टीव्ही. प्रोग्रॅम साठवायचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर, आणि कॅसेट परत लावली की टेपरेकॉर्डरमधून कर्कश्श किंचाळी यायची. ती किंचाळी म्हणजेच प्रोग्रॅम. शेजारची कुत्री भुंकायची, कोंबड्या माडाखाली पळायच्या आणि मी श्वास धरून बसायचे. कारण मध्येच वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून.

मांयचे, म्हणजे माझ्या आईचे, धाकटे भाऊ आंतोन अंकल जहाजावर होते. एका नाताळाला त्यांनी ते आणलं. घरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या जात होत्या, अंगणात तारेचा आणि पतंगाच्या कागदाचा आकाशतारा लटकत होता, आणि ओसरीवर आंतोन अंकल टीव्हीच्या मागे डोकं घालून वायर जोडत होते. पडद्यावर मुंग्या, मग पट्टे, मग एकदम स्वच्छ काळोख आणि त्यात लुकलुकणारा एक छोटा चौकोन. तो चौकोन माझ्याकडे बघत होता. तू काहीतरी सांग, मी करतो, असं म्हणत होता. मी तेव्हा शाळेत होते. आयुष्यात मला इतक्या नम्रपणे कोणी विचारलं नव्हतं.

पप्पा लांब बसले होते. ते शाळेत शिकवायचे आणि गावच्या चर्चमधली क्वायरही तेच बसवायचे. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. यंत्राचं त्यांना काही पडलं नव्हतं. पण अंकलांनी एक खेळ लावला, त्यातला उंदीर पडला आणि यंत्र ‘टींव’ वाजलं, तेव्हा त्यांनी मान वळवली.

“ह्याका गावूक येता?” त्यांनी विचारलं.

“सूर काढता,” अंकल म्हणाले.

“एका टायमाक किती?”

“तीन.”

“तीन?” पप्पा उठून टीव्हीजवळ आले. “तीन आवाज? एकदम?”

“मास्तर, ता खेळणां आसा,” अंकल हसले. “पेटी न्हय.”

पण पप्पा तोवर व्हायोलिन आणायला गेले होते. त्यांनी मला यंत्राचा एक सूर धरून ठेवायला सांगितला, कान लावून ऐकला, आणि व्हायोलिनची तार त्या सुराला जुळवून घेतली. मला अजून नवल वाटतं. कुठल्या तरी कारखान्यातून बोटीत बसून आलेल्या यंत्राला काहीही न विचारता त्यांनी पट्टी त्याची मानली.

त्याचं कारण होतं. पप्पांनी फेस्तासाठी, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणासाठी, एक भक्तिगीत रचलं होतं. शब्द कोंकणी, चाल त्यांची, आणि तीन आवाजांत बांधलेलं: वरचा सोप्रानो, मधला आल्टो, खालचा बेस. सोप्रानोला गावातल्या मुली होत्या. आल्टो एकटी मांय गायची, पोळपाटावरचं पीठ झटकत झटकत. बेसचा एकमेव खरा आवाज आंतोन अंकलांचा, आणि अंकल वर्षातले दहा महिने पाण्यावर. ते असायचे तेव्हा मुली परीक्षेला मालवणला गेलेल्या, मुली असायच्या तेव्हा अंकल कुठल्या तरी बंदरात. सरावाला पप्पा स्वतःच बेस गाऊन वेळ मारून न्यायचे. फेस्ताच्या दिवशी मात्र ते गाणं बाजूला राहायचं आणि सगळ्यांना येणारं दुसरंच काहीतरी गायलं जायचं.

मग मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं बसलो. अंगणात कोकमाची सोलं वाळत होती, त्यांचा आंबट वास उन्हाबरोबर घरात यायचा. दुपारी वीज इतकी मंद व्हायची की टीव्हीवरचं चित्र आक्रसून मधल्या मध्ये छोटं व्हायचं. पप्पा एकेक सूर सांगायचे, मी त्याचा आकडा टाइप करायचे. ‘दो, रे, मी’ म्हणत त्यांचं बोट टेबलावर ताल धरायचं. मांय ताकाचे पेले ठेवताना म्हणाली, “मास्तरांक नवी क्वायर गावली. हिका चाय करूक नको.”

सगळं टाइप झालं आणि मी प्रोग्रॅम सुरू केला. गाणं ओळखू येत होतं. पण तिन्ही आवाज एकत्र पडत नव्हते. वरचा सूर लागला की जरासा थांबून मधला, आणि त्याच्या मागोमाग खालचा. फेस्ताच्या मिरवणुकीत म्हातारी माणसं मागे पडतात, तसे. जलद जागा आली की यंत्र अडखळायचं.

“आल्टो उशिरा येता,” पप्पा म्हणाले.

मी आकडे बदलले. त्यांनी चाल संथ केली. तरी आल्टो उशिराच येत राहिला. असं का होतं ते मला सांगणारं तेव्हा गावात कोणी नव्हतं, आणि मलाही ते पुष्कळ उशिरा कळलं. पावसाळा आला, यंत्र कपाटात गेलं. पुढचे काही मे महिने ते बाहेर निघायचं, मग निघेनासं झालं. मी शिकायला पुण्याला गेले. अंकल बोटीवरून कायमचे उतरले आणि बांद्याला मुलीकडे राहिले, आणि तिथेच गेले. मांय गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तसली यंत्रं बनवणारी कंपनी तर त्याही आधी कधीतरी ती बनवायची थांबली होती. तिकडे आमचं लक्षच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात कसालच्या बाजारातून मी एक जुना, मागून फुगीर टीव्ही आणला. दुकानदाराला तो फुकटच द्यायचा होता, जागा अडवत होता म्हणून. यंत्र जोडलं. पडद्यावर मुंग्या, पट्टे, आणि मग तो चौकोन, लुकलुकणारा.

पप्पा आता ऐंशी ओलांडलेले आहेत. काठी टेकत आले, वाकून बघितलं.

“जितां आसा?”

“आसा, पप्पा.”

“मग माझां गाणां?”

कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. स्पिरिटच्या बोळ्याने ती हळूहळू पुसली, किंचाळी लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड केली, आणि तिच्यातून आकडे वेगळे काढले. शेवटच्या काही ओळी फाटक्या निघाल्या; तिथले सूर पप्पांनी गुणगुणून भरून दिले. बाकी सगळं तसंच होतं, उन्हातल्या त्या दुपारी टाइप केलेलं. एका जागी माझी स्पेलिंगची चूकसुद्धा.

आल्टो अजून उशिराच येत होता, म्हणून मी शोधायला लागले, की ज्या यंत्राला कोणी विकत नाही, दुरुस्त करत नाही, त्याच्यासाठी आज कोणी काही लिहीत असेल का. आणि सापडले. जगभर विखुरलेली थोडी माणसं. कोणी डेंटिस्ट, कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी कॉलेजातली मुलगी. ती या यंत्रासाठी अजून प्रोग्रॅम लिहितात, आजच्या कॉम्प्युटरवर, आणि एका कंपायलरमधून, म्हणजे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढून जुन्या यंत्राला पोचवतात. तो कंपायलर एका गृहस्थांनी एकट्याने बनवला होता आणि वर्षानुवर्षं तेच तो सांभाळत होते. त्यांच्या पानावर वरतीच एक सूचना होती: नव्या मशिनवर हे चालेल याची खात्री नाही, माझी नजर आता साथ देत नाही, पुढे हे कोण बघेल मला ठाऊक नाही.

माझ्या नव्या लॅपटॉपवर तो खरंच चालला नाही. जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला, तिथे चालला.

पप्पांना मी समजावून सांगितलं. पूर्वी आपलं यंत्र एक ओळ वाचायचं, तिचा अर्थ लावायचा, मग वाजवायचं. पुढची ओळ वाचायचं, पुन्हा अर्थ लावायचा. त्यातच वेळ जायचा. कंपाइल करणं म्हणजे आधीच सगळ्याचा अर्थ लावून यंत्राच्या स्वतःच्या भाषेत करून ठेवणं.

पप्पांनी विचार केला. “म्हणजे फादरच्या प्रवचनासारखां. तो भायरचो फादर येयलो होतो बघ. तो एक वाक्य बोलायचो, मगे पेद्रू ता आमका आमच्या भाषेत सांगायचो. अर्धो दिवस गेलो. ताच पेद्रून घराकच लिवून आणल्यान असता तर?”

“तर तोच सरळ वाचून मोकळो झालो असतो.”

“हां. मग कर.”

मी केलं. लॅपटॉपला वायर लावून नवीन किंचाळी यंत्रात सोडली. पप्पा खुर्चीवर ताठ बसले, हात मांडीवर. मी बटण दाबलं.

‘चिर्र’ असा एक आवाज आला आणि थांबला.

“ह्या काय गो? बुलबुल?”

“आख्खां गाणां गेला, पप्पा.”

“खंय गेला?”

अख्खं गाणं डोळ्याची पापणी लवावी इतक्यात वाजून संपलं होतं. जे यंत्र इतकी वर्षं धापा टाकत मागे पडायचं, ते त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगितल्याबरोबर असं सुसाट सुटलं. म्हणजे त्या मे महिन्यातही त्याच्यात हा वेग होताच. मी त्याच्याकडे बघत बसले. पप्पा हसून हसून खोकायला लागले. “फेस्ताक असां वाजयलंय तर लोक बेगीन घराक जातले!”

वेगाला लगाम कसा घालायचा, ते मी त्या गृहस्थांना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, मोठ्या अक्षरांत, कारण त्यांना तशीच दिसत. टीव्हीचा पडदा सतत एका लयीत नव्याने रंगवला जातो. यंत्राला त्या लयीचा ठोका ऐकू येतो. त्या ठोक्यावर सूर बांध. मी धीर करून हेही विचारलं होतं, की हे सगळं तुम्ही का करता? त्यावर एवढंच लिहिलं होतं: या यंत्राला काय काय येतं ते अजून आम्हाला पुरतं कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मासावरून, म्हणजे प्रार्थनेवरून, आल्यावर मी पुन्हा लावलं. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास येत होता. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून तिन्ही आवाज निघाले, एकदम, एकाच श्वासात. आवाज पातळ होता, थोडा नाकातला. पण कोणी मागे नव्हतं.

पप्पांनी डोळे मिटले. उजवा हात आपोआप वर आला, क्वायरसमोर यायचा तसा. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर तो हात हवेतच थांबला.

“परत लाव.”

मी लावलं. हात त्याच जागी थांबला.

“आल्टो चुकलो.”

“तू लिवलंस ताच वाजवता, पप्पा.”

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी हात खाली घेतला. बाहेर कोणीतरी सायकलवरून तारले मासे विकत चाललं होतं. ती हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

“तुझी मांय हय दुसरो सूर लावायची,” ते म्हणाले. “दर खेपेक. मी तिका थांबवायचंय. सांगायचंय, मारी, हय चुकतंस.”

“मगे ती काय म्हणायची?”

“काय म्हणतली? हसायची. आणि परत तोच सूर लावायची.” त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “हय मी लिवलेल्या बेसाक आणि आल्टोक पटना नाय. तिका माझो बेस आयकाक यायचो मां. माका नाय. मी सोताच गायचंय. गावता गावता माणसाक दुसऱ्याचा आयकाक येना नाय.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. वाईट वाटून ते आत कुठे मिटून जातील अशी मला भीती वाटली. पण तसं झालं नाही. त्यांचे डोळे लहान मुलासारखे जागे झाले होते. ते खुर्ची ओढून टीव्हीजवळ सरकले.

“बदलूक येता?”

“येता.”

“मग बदल. एक सूर खाली घे.”

मी घेतला, कंपाइल केलं, किंचाळी सोडली. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. “ह्यो न्हय. ह्येच्याहून गोड होतो.” मग अर्धा सूर. मग वरचा. प्रत्येक वेळी किंचाळी, प्रत्येक वेळी दुसऱ्या कडव्याच्या मध्यापर्यंत वाट बघणं. घरात मांयच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. आमच्याकडे फक्त पप्पांचा कान होता, आणि त्या कानात कुठेतरी पोळपाटाजवळ उभी राहून गाणारी एक बाई. मलाही ती ऐकू येत होती असं मी म्हटलं असतं, पण ते खरं नाही. मला पिठाचे हात आठवत होते, पदराचं टोक कमरेला खोचलेलं आठवत होतं. सूर नव्हता आठवत.

जेवणाची वेळ टळून गेली. पेज थंड झाली. एकदा सूर लागला तेव्हा पप्पांचा हात थांबला नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं.

“ह्योच काय?” मी विचारलं.

“म्हायत नाय,” ते म्हणाले. “पण ह्यो बरो वाजता. ती ह्योच लावायची असतली.”

नंतर काही दिवस ते मला सतत काहीतरी विचारायचे. यंत्राला श्वास घेता येईल का, ओळ संपताना? सूर हळूहळू विरवता येईल का? मी बघायचे, वाचायचे, करून बघायचे. काही जमलं, काही नाही. आणि अधूनमधून मनात यायचं की हा जुना लॅपटॉप बंद पडला की संपलं. तो कंपायलर नव्या मशिनवर चालता करायला हवा, आणि ते गृहस्थ आता लिहू शकत नव्हते. मी त्यांना कळवलं की सूर काढणारा भाग मला आता थोडाफार कळला आहे, तेवढा मी नव्या मशिनसाठी लिहून बघते. बाकीच्याचं मला माहीत नाही. त्यांनी लिहिलं, तेवढा लिही. बाकीच्याचं मलाही माहीत नाही.

काम हळू चाललं आहे. कधी कधी आठवडा जातो आणि एकच गाठ सुटते. त्या विखुरलेल्या मंडळींपैकी आणखी दोघं आता हात लावतात, एक पडद्याचा भाग बघतो, एक कॅसेटचा. पुरं होईल की नाही, झालं तरी किती वर्षं टिकेल, सांगता येत नाही. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

चाचणीसाठी काहीतरी लागतं, म्हणून मी पप्पांचं गाणं त्यांच्याकडे पाठवलं होतं. परवा त्या मंडळींतल्या एका बाईंनी ते आपल्या यंत्रावर वाजवून रेकॉर्डिंग परत पाठवलं. त्यांच्या देशात विकलेल्या यंत्रांचं आतलं घड्याळ किंचित हळू चालतं, त्यामुळे सगळे सूर जरासे खाली आले आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं, क्षमा मागत.

मी ते पप्पांना फोनवर लावून दिलं. त्यांनी फोन कानाशी धरला. ओसरीवर संध्याकाळचं ऊन होतं, समुद्राला ओहोटी. त्यांनी पहिलं कडवं ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि मग नव्याने क्वायरमध्ये आलेल्या कोणत्याही मुलीबद्दल विचारायचे तसं, डोळे बारीक करून, मला विचारलं:

“आवाज जरा जाड आसा. पण सुरात आसा. ही खंयची गो?”